वच्छीचं उष्टावण

“क्लच सोड गो, क्लच! गाडीला गुदगुल्या करतेस काय?”

भाई बाजूच्या सीटवर दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता. आंब्याचा घाट, समोर चिऱ्याने भरलेला ट्रक धापा टाकत चाललेला आणि त्याच्या मागे मी भाईची जुनी ओम्नी कशीबशी धरून ठेवलेली.

“तूच म्हणालास ना, गाडी मागे जाईल म्हणून!”

“मागे जाऊ देऊ नको म्हणालो, रडवत ठेव नाही म्हणालो. टाक पहिला. हां. आता बघ कशी गुमान चालली.”

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीधर. साखरपा ते मलकापूर सीटा भरून वडापची जीप चालवण्यात त्याची सगळी उमर गेली. घाटातलं वळण न् वळण त्याला पाठ. पण किडन्या गेल्या, हातापायातलं बळ गेलं, आणि डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. तेव्हा आमच्या बाजूला डायलिसिसची सोय नव्हती, म्हणून आठवड्यातून दोनदा कोल्हापूर. वहिनीला घाटात गाडी लागते, तिची स्वतःची साखरही कधी धड नसते. भाईला मूलबाळ नाही. राहिले मी, त्याची धाकटी बहीण वत्सला. तो वच्छी म्हणतो. म्हणायचा.

मी गाडी शिकले ती शेचाळीस वर्षांची घोडी झाल्यावर, आणि हौस म्हणून नव्हे. त्याआधी त्या सीटवर मी मावतच नव्हते. स्टिअरिंग पोटात रुतायचं. साखरप्याच्या स्टँडमागे माझं पोळीभाजी केंद्र. नवरा लवकर गेला, त्या केंद्रावरच मुलगी वाढवली, तिचं लग्न करून दिलं. दिवसभर परातीपुढे बसून, येताजाता चाखून, उरलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून खाऊन माझी कोठी झाली होती. मला त्याचं काही वाटायचं नाही. लोक हसायचे, मीही हसायचे.

भाईला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा मात्र हसू आटलं. माझं रक्त जुळलं, सगळं जुळलं. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाई, किडनी झकास आहे तुमची. पण ती काढायला आम्ही आत शिरायचं कुठून?” एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढायची म्हणजे देणारीच जायची. पथ्य केलं, चालले, उपास केले. काटा हलेना. शेवटी पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. जठराची पिशवी कापून केळ्याएवढी केली. गावात सगळे म्हणाले, वच्छीला म्हातारपणी नटायचं खूळ लागलं. म्हणू दे म्हटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मार्लेश्वराला जाऊन आले. भाईच्या अंगात माझी किडनी बसेपर्यंत भात-भाकरी सोडली, असा शब्द देऊन आले. आम्हा कोकणातल्या माणसाने भात सोडायचा म्हणजे काय, ते कोकणातल्या माणसालाच कळेल.

भाईने ऐकलं आणि खो खो हसला. “डॉक्टरांनी एवीतेवी बंदच केलंय, तेच देवाला वाहिलंस? फुकटात नवस करतेस गो! आणि मूग खातेस ते काय आभाळातून पडतात?”

“मूग म्हणजे भात नव्हे.”

“तुझा देव पण तुझ्यासारखाच, सोयीचा.”

त्या दिवशी घाट चढून आम्ही आंबा गावाच्या पुढे नेहमीच्या जागी थांबलो. रस्त्याकडेला सपाट जागा होती, गाडी उभी करून दार सरकवलं की झालं आमचं जेवणघर. डबे मीच भरायचे. आयुष्यभर दुसऱ्यांचे डबे भरले, पण असले विचित्र डबे कधी भरले नव्हते. भाईचा डबा मऊ भाताचा, अळणी. बरोबर पडवळ नाहीतर दुधी, तोही उकळून पाणी फेकलेला. नारळ बंद, केळं बंद, आमसूल बंद. माझा डबा बालवाडीच्या पोराचा असतो तेवढा. त्यात मुगाच्या धिरड्याची सुरळी, पनीरचा चुरा, घट्ट दही, कधी सुरमईचा उकडलेला तुकडा. धिरडं हातात धरून खाता येतं, सांडत नाही, घाटात कुठेही थांबून दोन घास चावता येतात. दोनच घास. तिसरा घेतला की छातीत दगड अडकायचा.

उकडलेलं अंडं तेवढं दोघांत चालायचं. त्याला पांढरं चालायचं, पिवळं चालायचं नाही. तो पिवळं काढून माझ्या डब्यात टाकायचा.

“घे. लहानपणी यावरनं मारामारी करायचीस.”

“तेव्हा तू द्यायचा नाहीस.”

“आता देतोय ना? खा मुकाट.”

पाण्यालाही आम्ही दोघं महाग. मला जेवणाआधी नाही, जेवताना नाही, जेवल्यावर लगेच नाही. त्याला तर दिवसाचं मापच ठरलेलं. एक छोटी बाटली वहिनी सकाळी भरून द्यायची, ती घोट घोट करून रात्रीपर्यंत पुरवायची. उन्हात तो नुसती ओठाला लावून ठेवायचा. मला ते बघवायचं नाही.

पण खरं सांगते, ते दिवस वाईट नव्हते. माझं वजन उतरत होतं. प्रत्येक खेपेला काटा खाली जायचा आणि मला वाटायचं, भाई तेवढा वर आला. आणखी थोडं उतरलं की झालं. तारीख मिळणार, मी टेबलावर, तो शेजारच्या टेबलावर. मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. दोघं बरी झालो की टोपभर भात शिजवायचा, कुळथाचं पिठलं करायचं, आणि एका ताटात जेवायचं.

कोल्हापूरला पोचल्यावर भाईला मशीनवर घेतलं आणि मी वरच्या मजल्यावर डाएटच्या मॅडमकडे गेले. कस्तुरी मॅडम, माझ्या मुलीच्या वयाची पोर, पण बोलायला फटकळ. तिने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. वेणी हातात घेतली.

“मावशी, केस किती गेले हे? चक्कर येते?”

“नाही हो.”

येत होती. चार दिवसांपूर्वीच तव्यापुढे तोल गेला होता, कामाला येणाऱ्या बाईने धरलं म्हणून वाचले. पण ते हिला कशाला सांगायचं? सांगितलं की तारीख पुढे ढकलणार.

“मी मागच्या वेळेलाच सांगितलं होतं, आता कार्ब्ज सुरू करा. आधी प्रोटीन, त्यावर दोन चमचे मऊ भात. नाहीतर पाव फुलका. चावून चावून. असं नुसत्या मूग-पनीरवर नाही चालत बघा.”

“भाताने वजन वाढतं.”

“दोन चमच्यांनी? मावशी, शरीराला जळायला काहीतरी लागतं. नाहीतर ते तुमचं मांस जाळतं. असल्या अंगातून कोण किडनी काढणार सांगा मला?”

“ऑपरेशन झालं की त्याच दिवशी खाईन.”

“आधी खायचंय, ऑपरेशनसाठी!”

देवाला दिलेला शब्द या पोरीला काय समजावणार? मी हो हो केलं आणि खाली आले. भाईच्या खाटेजवळचा पडदा ओढलेला होता. आतून डॉक्टर बाहेर पडले. मी म्हटलं, “काय डॉक्टर, कधी घेताय आम्हाला?” ते म्हणाले, “बघू,” आणि घाईघाईने पुढे गेले. त्यांना नेहमीच घाई असायची.

भाई डोळे मिटून पडला होता.

“काय म्हणाली मॅडम?”

“उत्तम आहे म्हणाली सगळं.”

“आणि भात?”

“अजून थांबा म्हणाली.”

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. “वच्छे, ती मागच्या खेपेलाच इथे येऊन मला सगळं सांगून गेली. मीच म्हटलं होतं तिला, आणखी एकदा समजावून बघ.”

मी डब्याची पिशवी उचलली आणि विषय बदलला.

परतीला त्याने डोळे मिटून मान मागे टेकली. मशीनवरून उठल्यावर तो तसाही पिळून काढल्यासारखा व्हायचा, म्हणून मी काही विचारलं नाही. मलकापूर मागे पडल्यावर म्हणाला, “नेहमीच्या जागी थांबव.”

“आता? घरी जाऊन जेव की. वहिनीने केलं असेल.”

“थांबव म्हटलं ना.”

मी गाडी कडेला घेतली. ऊन उतरलं होतं, रस्त्याला वर्दळ नव्हती. त्याने मागचं दार सरकवलं, पायरीवर बसला आणि पिशवीतून स्वतःचा डबा काढला. सकाळी मी भरून दिलेला भात तसाच होता. दवाखान्यात त्याने डबा उघडलाच नव्हता.

“जेवला नाहीस तू?”

त्याने बाटलीचं झाकण काढलं. दिवसाच्या मापातलं जेमतेम अर्धं पाणी उरलं होतं. त्यातलं त्याने आधी हातावर ओतून घेतलं.

“अरे, पाणी काय फुकट घालवतोस!”

मग थोडं भातावर ओतलं आणि बोटांनी भात कालवायला लागला. शितं पार मोडेपर्यंत, पेजेसारखा होईपर्यंत. मी बघत राहिले.

“उष्टावण कोण करतो गो?” त्याने विचारलं.

“मामा. का?”

“तुझ्या पोरीचं मी केलं. तुझं गोविंदमामाने केलं होतं. मला आठवतंय, त्याचं बोट चावलं होतंस. आता मामा नाही, तर मीच.” त्याने चार बोटांवर घास घेतला आणि माझ्यापुढे धरला. “तोंड उघड.”

मला हसूच आलं. “खुळावलास काय? देवाला शब्द दिलाय मी.”

“म्हणूनच.”

“म्हणूनच म्हणजे?”

“मागल्या खेपेला हृदयाची तपासणी केली होती ना, त्याचं आज सांगितलं. किडनी नाही बसवायची म्हणाले. हृदय फार अशक्त झालंय. भूल दिली की टेबलावरच थांबेल.”

तो हे असं म्हणाला जसं कुणी म्हणतं, आज शेवटची एसटी चुकली. हात तसाच पुढे.

“मग दुसरा डॉक्टर बघू,” मी म्हटलं. “पुण्याला जाऊ.”

“यांनीच कागद पुण्याला पाठवले होते. तिथनंही तेच आलं.”

“मुंबईला जाऊ.”

“वच्छे.”

“आधी हृदयाचं औषध घे. हृदय बरं कर, मग किडनी. थांबेन मी. मला कुठे घाई आहे?”

“मी जन्मभर वडाप चालवली गो. गाडी कधी चढायची नाही ते मला कळतं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर ओरडायचं ते कळेना, म्हणून मी त्याच्यावरच ओरडले. “मग माझं पोट कापलं ते कशाला रे? कशाला कापलं? सहा महिने मी शेळीसारखं चघळत बसले, केस गेले, उभं राहवेना मला, ते कशासाठी?”

“तू आता चालतेस बघ कशी. गुडघे दुखायचे राहिले. धाप लागत नाही तुला. गाडी चालवतेस—”

“चुलीत घाल ते गुडघे! मी काय बारीक व्हायला गेले होते?”

“नाही. माहीत आहे मला.”

एक एसटी गेली. त्याच्या बोटांवरचा भात सुकायला लागला होता. तरी त्याने हात खाली घेतला नाही.

“ऐक,” तो म्हणाला. “तुझा नवस आता पुरा व्हायचा नाही. आणि पुरा झाला नाही तर तू तो सोडायची नाहीस. ओळखतो मी तुला. मी गेलो की ऐकशील कुणाचं? वहिनीचं? पोरीचं? देवाला शब्द दिलाय म्हणशील आणि वाळून मरशील. घरातली दोन माणसं का घालवायची? माझ्यासाठी धरलेला नवस आहे, मीच मोडतो. मार्लेश्वराला काय सांगायचं ते मी सांगेन. मलाच आधी भेटणार आहे तो.”

“असलं बोलू नको.”

“मग तोंड उघड.”

मी ओठ घट्ट मिटून घेतले. लहान पोर घेतं ना, तसे. हट्ट नव्हता तो. तोंड उघडलं की संपलं, असं वाटत होतं मला. घास घेतला म्हणजे भाई जाणार हे मी कबूल केलं. मी मिटून बसले आहे तोवर नवस चालू आहे, तोवर देवाकडे आपलं काहीतरी येणं आहे. हे त्याला सांगता येईना. डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

“हात दुखतोय गो माझा,” तो हळूच म्हणाला.

मी तोंड उघडलं.

गार, अळणी भात. इतक्या महिन्यांनी भाताची चव जिभेवर आली आणि माझा धीर सुटला. चावायचंही भान राहिलं नाही, सगळा घास तसाच गिळला. क्षणभराने छातीत अशी काही कळ उठली की मी गाडीला धरून वाकले, आणि मागच्या चाकाजवळ सगळं बाहेर पडलं.

“पोट पण नाही म्हणतंय,” मी म्हटलं. “बघ. देवाला नाही चालत.”

“देवाचं नाव नको घेऊ. चावलं नाहीस तू.” त्याने उरलेलं पाणी मला चूळ भरायला दिलं. त्याच्या तोंडात रात्रीपर्यंत घालायला आता थेंब नव्हता. “बस. जरा दम खा.”

बराच वेळ आम्ही पायरीवर शेजारी शेजारी बसलो. मग त्याने पुन्हा घास केला. या वेळी बोटाच्या टोकावर मावतील एवढीच शितं होती.

“चाव. मी सांगेपर्यंत गिळायचं नाही.”

मी चावत राहिले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. “हां. आता.”

गिळलं. थांबलो. काही झालं नाही.

“झालं उष्टावण,” भाई म्हणाला आणि हसला. माझ्या हनुवटीला लागलेलं शीत त्याने अंगठ्याने पुसलं. “आता मागे फिरायचं नाही. मी असताना आणि नसताना. रोज दोन घास. शब्द दे. देवाला नव्हे, मला दे.”

मी दिला.

“आणि तुझ्या वहिनीला एवढ्यात काही सांगू नकोस.”

नाही सांगितलं. त्यानंतरही आम्ही कोल्हापूरला जात राहिलो. माझ्या डब्यात एका कोपऱ्यात मऊ भात असायचा, दोन चमचे. तो समोर बसून मला तो संपवायला लावायचा. मला चक्कर यायची थांबली, केसही धरले. वहिनी म्हणायची, वन्सं, तुमच्या तोंडावर तेज आलं, आता तारीख मिळणार बघा. मी मान हलवायची. तो सुकत होता आणि मी भरत होते. तो भात मला एकदाही गोड लागला नाही.

शिमग्याच्या आधी एका सकाळी भाई अंथरुणातच गेला.

माणसं जमली, दुपारी त्याला नेलं. घरात चूल पेटवायची नसते, म्हणून शेजारच्या दळव्यांकडून पिठलं-भात आला. पडवीत बायका बसलेल्या. दळवीकाकू सगळ्यांना म्हणत होत्या, एक घास तरी घ्या. कोण घेतंय? वहिनीने भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या मुलीने ताट बाजूला सारलं.

मी म्हटलं, “काकू, मला वाढा.”

त्यांनी दचकून पाहिलं. मग पानावर भात घातला, वर पिठलं. मी कालवलं आणि घास घेतला. चावला, पार मऊ होईपर्यंत, मग गिळला. दुसरा घास घेतला तेव्हा माझ्या पाठीमागे कुणीतरी बोललं. हळू बोललं, पण मला ऐकू यावं इतपत.

“सख्खा भाऊ अजून जळतोय तिकडे, आणि ही बघ. बारीक झाली तरी खादाडपणा काही गेला नाही.”

माझ्या मुलीने खाली मान घातली. काय सांगणार होते मी, आणि कुणाला?

पान सारलं आणि मागच्या दारी मोरीवर जाऊन बसले. मला वाटत होतं, पोट आज तरी तो भात परत टाकेल. आज तरी त्याला जड जाईल. तोंड धुऊन, मोरीचा कठडा धरून मी वाट बघत राहिले. माणसं स्मशानातून परत येईपर्यंत बसले.

भात पोटात राहिला. नीट, मुकाट, एकही शीत वर न येता जिरला.